खिडकीकडची भिंत

"अहो, हळू! भिंतीचा रंग सोलून येईल त्याच्याबरोबर," शिवणाच्या बाई दारातून ओरडल्या.

उस्तादनं मान वर केली नाही. "रंगावर कटर फिरवलाय आधीच. पट्टी एकटीच येणार, बघा."

आणि आली. कटावणीचं चपटं टोक त्यानं पट्टीच्या मागं सारलं, भिंतीला खड्डा पडू नये म्हणून मध्ये प्लायचा तुकडा धरला आणि मनगट जरासं वळवलं. कर्रकन आवाज झाला आणि पट्टी खिळ्यांसकट अख्खी हातात आली.

भिंत आणि जमीन जिथं भेटतात तिथं ही लाकडी पट्टी ठोकतात. लोकांना वाटतं शोभेसाठी आहे. शोभा राहिली बाजूला, तिच्यामागं एक फट लपवलेली असते. बांबूची फळी दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. तिला हलायला चारही भिंतींच्या कडेनं बोटभर जागा सोडायची आणि ती जागा पट्टीनं झाकायची. पट्टीसुद्धा भिंतीला ठोकायची, जमिनीला नाही, म्हणजे खालच्या फळ्या मोकळ्या राहतात. उस्ताद आयुष्यभर हेच करत आला होता. त्याची जमीन कधी कुरकुरत नाही असं फळ्यांच्या दुकानात सगळे म्हणायचे, म्हणून तो उस्ताद. खरं नाव आता फक्त लाइटच्या बिलावर उरलं होतं.

बाईंच्या खोलीतली ही जमीन कुरकुरत नव्हती हे खरं, पण ती सरळ उठून बसली होती. खोलीच्या मधोमध एक लांबलचक फुगवटा आला होता, चादरीखाली कुणीतरी पालथं झोपावं तसा.

"माझ्या क्लासच्या मुली म्हणतात, बाई, तुमची जमीन गरोदर आहे," बाई म्हणाल्या. गळ्यात टेप, पदराला टाचण्या आणि तोंडाचा पट्टा चालू. "हसू नका हो. मशीनचा एक पाय अधांतरी राहतो. शिलाई जाते नागमोडी, आणि मी ओरडते पोरींना. चांगली महिनाभर ओरडले. मग कळलं, दोष जमिनीचा."

"माझ्या मुलीच्या हातचं काम होतं हो," उस्ताद म्हणाला. "दाराकडची भिंत तिनं केलेली. फट कमी सोडली. गेल्या खेपेला मीच उघडून कापून दिली नव्हती का?"

हे वाक्य गेलं वर्षभर त्यानं इतक्या ठिकाणी म्हटलं होतं की आता ते म्हणायला तोंडाला काही श्रम पडत नव्हते.

"मग कापून दिलीत तर परत का उठली?"

सकाळी आल्या आल्या त्यानं दाराकडची भिंतच आधी उघडली होती. तिथली फट गेल्या वर्षी त्यानं स्वतःच्या हातानं कापली होती, चांगली ऐसपैस. ती सगळी भरली होती. फळ्या पुन्हा भिंतीला नाक लावून उभ्या. एवढी जागा खाल्ली कशी? बांबू आहे की रबर? त्यानं मागच्या वेळेसारखंच बडबडत फळ्यांची कड पुन्हा कापली. पण मध्यावरचा फुगवटा नावापुरता खाली बसला. म्हणून मग, दुसरं काही सुचेना म्हणून, तो खिडकीकडच्या भिंतीकडे वळला होता.

खिडकीकडची भिंत त्याची होती. मागच्या खेपेला ती उघडायचा विचारसुद्धा त्याच्या डोक्यात आला नव्हता. कशाला येईल? त्याची भिंत होती ती.

त्यानं पट्टी बाजूला ठेवली, कडेचा भुसा फुंकला आणि तो तसाच थांबला.

फटीत एक पाचर होती.

फळ्या बसवताना हातोडीच्या ठोक्यांनी त्या भिंतीकडे सरकतात. सरकू नयेत म्हणून भिंत आणि फळी यांच्यामध्ये लाकडाच्या छोट्या पाचरी खोचतात. जमीन पूर्ण झाली की पाचरी उपटायच्या आणि मग पट्टी मारायची. यात डोकं लावण्यासारखं काही नाही. पहिल्या दिवशी कामाला आलेल्या माणसालासुद्धा हेच आधी सांगतात.

त्यानं पुढची पट्टी काढली. तिथंही पाचर. पुढची. तिथंही. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या ओळीनं बसलेल्या होत्या, फुगलेल्या फळ्यांनी चेंगरून पार सपाट झालेल्या. पाचरी त्याच्याच. तो त्या बांबूच्या उरलेल्या तुकड्यांतून कापायचा, आणि एक कोपरा मारायचा, म्हणजे तिरका छाटायचा, उपटताना बोट बसावं म्हणून. कोपरा मारलेली पाचर दुसरं कुणी वापरत नव्हतं.

मग त्याला सगळं एकदम दिसलं, कुणी दिवा लावावा तसं. या बाजूला जायला वाटच नव्हती. म्हणून अख्खी जमीन त्या बाजूला सरकत गेली. मुलीनं सोडलेली फट बरोबरच होती. ती खाल्ली त्याच्या भिंतीनं.

"काय सापडलं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. कचरा."

पाचरी त्यानं खिशात टाकल्या. असल्या वेळी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. इथली धरणी आधीच पोट फुगवून बसली होती, ती कसली घेते त्याला.

"पोरगी काय करते आता?" बाई मशीनवरचं कापड झटकत म्हणाल्या. "हसरी होती हो. जमिनीला गाल लावून बघायची, सपाट झाली का ते. मी म्हटलं, अगं धूळ लागेल. तर म्हणते, बाई, डोळा फसतो, गाल नाही फसत."

"लॉन्ड्रीत आहे. इस्त्रीला."

"हे काम सोडलं?"

"सोडलं."

"अरेरे. तिला सांगा, माझा काही राग नाही म्हणावं. चुकतं माणसाचं. एवढं काय मनाला लावून घ्यायचं."

उस्ताद 'हो' म्हणाला. म्हणताना पट्टीच्या मागचा खिळा त्याच्या अंगठ्यात घुसला, ते त्याला बरं वाटलं.

काम त्यानं तिथंच थांबवलं. फळ्यांना रात्रभर मोकळं पडू दे, फुगवटा आपोआप खाली बसेल, मग पट्ट्या मारतो, असं बाईंना सांगितलं. ते खरंच होतं. पण ते खरं नसतं तरी तो तिथून उठलाच असता.

रस्त्यानं चालताना पाचरी मांडीला टोचत होत्या. खिशातून काढून कुठं टाकाव्यात असं एकदा वाटलं. गटार समोरच होतं. पण हात खिशात जाईना.

गेल्या वर्षी दुकानातला तो तमाशा त्यानंच केला होता. काउंटरसमोर चार कारागीर, दोन गिऱ्हाइकं, दुकानाचे मालक, आणि मध्ये ती, हातात बाईंकडून आलेल्या तक्रारीची चिठ्ठी. "हिला बोटभर म्हणजे किती ते कळत नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता. "माझी पोरगी म्हणून घेतली, दुसऱ्याची असती तर पहिल्या दिवशी हाकलली असती." ती काहीतरी बोलायला गेली. तो म्हणाला, "तोंड वर करून बोलू नकोस." लंबू नावाचा एक कारागीर फिसकन हसला. बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हत्यारांची पिशवी उचलली नाही. त्यानंतर घरात ती त्याच्याशी बोलायची ते 'मीठ द्या' आणि 'दार लावून घ्या' एवढंच. त्याला वाटायचं, नाकाला मिरच्या झोंबल्यात, उतरेल राग. आणि तो स्वतः, खरं सांगायचं तर, मनातून जरा खूशच होता. शिस्त म्हणजे शिस्त, पोटच्या पोरीलासुद्धा सोडत नाही, असं लोक म्हणत होते ना.

घरी बायको स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. तो खुर्चीवर बसला. पाचरी त्यानं टेबलावर ठेवल्या.

"हे काय?"

"बाईंच्या खोलीत खिडकीकडच्या भिंतीत राहिल्या होत्या."

"हं," बायको म्हणाली. तिचा हात थांबला नाही.

"हं काय? ती माझी भिंत होती. पोरीची नव्हे. कळतंय का तुला मी काय म्हणतोय?"

"कळतंय."

"मग काही वाटत नाही तुला?"

तिनं फडकं खाली ठेवलं. "वाटायचं ते वाटून झालं हो माझं. गेल्या वर्षीच."

त्याला आधी समजलंच नाही. मग तो खुर्चीत पुढं सरकला. "तुला माहीत होतं?"

"तिनं सांगितलं. दुकानातून आली तेव्हाच. रडली नाही, नुसती भिंतीकडे बघत सांगत होती. तुम्ही आलात तेव्हा तुमचं डोकं तापलेलं, बीपीच्या गोळ्या नुकत्या सुरू झालेल्या. मी म्हटलं, थोडे दिवस गप्प बस, मग सांगू." ती पुन्हा ताटली पुसायला लागली. पुसलेलीच ताटली. "थोड्या दिवसांचं वर्ष कधी झालं कळलं नाही. आता माझ्याकडे असे बघू नका. मी पण आहे त्यात. पोरगी माझ्याशी तरी कुठं धड बोलते?"

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. तो रोज संध्याकाळी याच खुर्चीवर बसून, आज कुणाची जमीन कशी चोख बसवली ते सांगायचा, आणि दोघी ऐकून घ्यायच्या. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

मुलगी आली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. कपड्यांना वाफेचा वास, मनगटावर इस्त्रीचा ताजा चटका. तिनं टेबलाकडे बघितलं. पाचर उचलली, तिचा मारलेला कोपरा अंगठ्यानं चाचपला आणि होती तिथं ठेवली.

"कळलं एकदाचं," ती म्हणाली.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"वा! म्हणजे यात पण माझंच चुकलं."

"तसं नाही गं."

"सांगितलं होतं. पट्टी मारायच्या आधी विचारलं होतं तुम्हाला. बाबा, तुमच्या भिंतीच्या पाचरी निघाल्या ना? काय म्हणालात, आठवतंय?"

त्यानं आठवून बघितलं. खोली आठवली, खिडकी आठवली, बाईंनी दिलेला चहा आठवला. प्रश्न आठवला नाही.

"म्हणालात, आता तू शिकवणार मला?" ती म्हणाली. त्याचाच सूर, तसाच नाकातून. "मी गप्प बसले. वाकून बघायला पाहिजे होतं मी, ते नाही बघितलं. माझी चूक असेल तर तेवढी. बाकी वर्षभर माझं नाव फुकट वापरलंत तुम्ही."

"चुकलो गं मी. पार चुकलो."

"मला कशाला सांगताय? मला माहीतच होतं, माझी फट मी मोजून सोडली होती. आईला पण माहीत होतं." तिनं पायातल्या चपला काढल्या, एक इकडे गेली, एक तिकडे. "जिथं ओरडलात तिथं जाऊन सांगा ना."

आणि आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी उस्ताद दुकानात पोचला तेव्हा नेहमीची मंडळी काउंटरला टेकून उभी होती. लंबू बिस्कीट खात होता. मालक एका जोडप्याला फळ्यांचे नमुने दाखवत होते आणि त्याला बघताच त्यांचा चेहरा उजळला.

"हे बघा, आलेच! यांच्याबद्दलच बोलत होतो. तुमच्या खोलीला यांचाच हात लागला पाहिजे."

उस्तादनं पाचरी काउंटरवर टाकल्या. घसा साफ केला. घरून निघताना जुळवलेलं सगळं तोंडाशी येऊन भलतंच झालं.

"शिवणाच्या बाईंची जमीन... ती मी बिघडवली. पोरीनं नाही. पाचरी काढायच्या राहिल्या माझ्याकडून. तिची भिंत बरोबर होती. मी गेल्या वर्षी इथं तिला जे बोललो ते सगळं खोटं होतं."

लंबूच्या तोंडातून बिस्किटाचा भुगा उडाला.

"उस्ताद आणि पाचर विसरणार? उद्या म्हणाल, मासा पोहायला विसरला!"

सगळे हसले. मालकसुद्धा. "अहो, बापाचं काळीज आहे," ते जोडप्याला समजावून सांगायला लागले. "मुलगी होती यांच्या हाताखाली. जरा चुकली. आता हे स्वतःवर घेतायत."

"स्वतःवर घेत नाही. माझंच आहे. या पाचरी बघा."

"पाचरी काय, माझ्या पण खिशात आहेत," लंबू म्हणाला आणि खरंच चार पाचरी काढून त्या शेजारी ठेवल्या. "घ्या. मी पण गुन्हेगार."

पुन्हा हसणं. कुणीतरी पाठीवर थाप मारली. "उस्ताद, मन मोठं आहे हो तुमचं."

आता गंमत अशी होती की तो तिथून तसाच निघू शकला असता. सांगायचं ते त्यानं सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही तर तो काय करणार? घरी जाऊन म्हणता आलं असतं, सांगून आलो, आणि ते खोटंही झालं नसतं. वर मन मोठं असल्याचं नाव मिळालं असतं ते वेगळंच. त्याचे पाय दाराकडे वळलेसुद्धा. दाराजवळ नवीन आलेल्या फळ्यांची खोकी रचली होती. त्यांना बगल देताना त्याच्या मनात आलं, यांतली खोकी पुढच्या आठवड्यात आपणच उघडणार. आणि पाचरी लावणार. आणि काढणार. काढणारच ना?

तो वळला.

"दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना कुणी केला?"

"तुम्हीच की," मालक म्हणाले.

"एकट्यानं. पोरीनं काम सोडल्यावर. वाचनालयाची वरची खोली?"

"तुम्ही."

"त्या सगळ्या भिंतींच्या पाचरी निघाल्यात की आत आहेत, मला सांगता येत नाही."

हसणं थांबलं.

"मला आठवत नाही," उस्ताद म्हणाला. आवाज चढला होता, पण रागानं नाही. "बाईंच्या खोलीत तिनं मला विचारलं होतं, पाचरी काढल्या का. मी तिला फाडकन बोललो. काय बोललो ते तिला आठवतं, मला आठवत नाही. विचारलं होतं तेही आठवत नाही. आता सांगा, दवाखान्याचं मी कशावरून सांगू?"

जोडप्यातल्या बाईनं हातातली नमुन्याची फळी हळूच खाली ठेवली. "आम्ही जरा विचार करून येतो," तिचा नवरा म्हणाला, आणि दोघं उस्तादकडे न बघता बाहेर पडले.

मालकांचा चेहरा लालबुंद झाला. "अहो, काही अक्कल? गिऱ्हाइकासमोर?"

"गेल्या वर्षी पण गिऱ्हाइकासमोरच होतं."

लंबूनं आपल्या चार पाचरी गुपचूप उचलून खिशात टाकल्या. मालक बराच वेळ काउंटरचा कोपरा नखानं खरवडत राहिले. मग म्हणाले, "सगळ्या भिंती उघडून बघा. वर्षभरातल्या सगळ्या. आणि एकट्यानं नाही. नवीन काम त्यानंतर बघू."

"आणि पोरीचं?"

"तिचं पण बघू."

"बघू नको. तिची भिंत बरोबर होती. एवढं म्हणा."

"अहो, मी म्हणून काय..."

"तेव्हा तुम्ही मान डोलावली होती. आता म्हणा."

मालकांनी इकडेतिकडे बघितलं. "बरोबर होती," ते पुटपुटले. लंबू आपल्या बुटांकडे बघत होता.

तिथून उस्ताद बाईंकडे गेला. जमीन खाली बसली होती, अजून एखादा हलका उभार, पण मशीनचे चारही पाय टेकले होते. बाई खूश होत्या. त्यांना त्यानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पुन्हा सांगताना सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. तसं काही नसतं.

बाईंनी ऐकून घेतलं. गळ्यातली टेप काढून बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"माझा राग नाही, हा निरोप दिलात तिला?"

"नाही दिला."

"बरं केलंत. तो राहू द्या." त्यांनी टेप पुन्हा गळ्यात टाकली. "राग नाही म्हणे. मी कोण तिच्यावर न रागावणारी! इथं येऊन जा म्हणावं. चहाला. मलाच काहीतरी बोलायचंय तिच्याशी."

तो पट्ट्या मारायला बसला. प्रत्येक पट्टीच्या मागं कुठली भिंत, कितवी जागा ते पेन्सिलीनं लिहिलं होतं, तशा ओळीनं मांडल्या. जुनी पुट्टी खरवडली. मग खिडकीकडच्या फटीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. काही नव्हतं. पुन्हा फिरवलं. पट्टी उचलली, भिंतीला लावली, खिळा धरला, हातोडी उगारली आणि खाली ठेवली.

"बाई, जरा येता? वाकून बघता का एकदा, आत काही राहिलंय का?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काही नाही. लाकडाचा तुकडा दिसला तर सांगा."

बाई कमरेवर हात ठेवून कण्हत वाकल्या आणि खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत सरकत सरकत गेल्या. "नाही हो, काही नाही. एक टाचणी आहे. माझीच असेल."

मग त्यानं पहिला खिळा ठोकला.

घरी त्यानं दुकानातलं काही सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. लॉन्ड्रीत कपडे द्यायला येणारी माणसं मुकी नसतात. रात्री जेवताना मुलगी भात कालवत म्हणाली, "मालक खरंच म्हणाले? तोंडानं?"

"पुटपुटले."

"लंबू?"

"बुटांकडे बघत होता."

ती हसली नाही. पण भात परत घेतला. बायकोनं भांडं पुढं सरकवताना त्याच्याकडे बघितलं, मग मुलीकडे.

तिच्या सुट्टीच्या दिवशी दातांचा दवाखानाही बंद असायचा. उस्ताद पहाटेच उठून हत्यारं भरायला लागला, तर दाराशी ती उभी. वर्षभर पलंगाखाली पडलेली तिची पिशवी खांद्यावर. चेन गंजली होती म्हणून वर दोरी बांधलेली.

"तू कशाला?"

"तुम्ही एकटे उघडणार. मग बघणार कोण? तुम्हीच?"

जिना उतरताना त्यानं विचारलं, "परत येशील कामावर?"

"सुट्टीच्या दिवशी येईन, भिंती संपेपर्यंत. बाकीचं माहीत नाही. लॉन्ड्रीत माझ्यावर कुणी ओरडत नाही."

"मी पण नाही ओरडणार."

"ते बघू," ती म्हणाली, अगदी मालकांसारखी.

दवाखान्याची मागची खोली लांबट होती. औषधाचा वास, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, खाली त्याचीच बांबूची जमीन, आरशासारखी. कुठं फुगवटा नाही, कुठं आवाज नाही. उस्तादनं कटावणी काढली. तिनं हात पुढं केला. त्यानं ती देऊन टाकली.

"तुम्ही बसा. खिळे काढा पट्ट्यांचे. मागून ओढा, पुढून नको, रंग फुटतो."

हे त्यानंच तिला शिकवलं होतं. त्यानं मान डोलावली. कोपऱ्यात पुट्टीची रिकामी बादली होती, ती पालथी घालून तो बसला आणि पक्कड हातात घेतली. समोर ती गुडघ्यांवर. रंगाच्या रेघेवरून कटर फिरवला, प्लायचा तुकडा लावला, मनगट वळवलं. वर्षभर इस्त्री फिरवलेल्या हाताला जोर जास्त आला होता, पहिली पट्टी जरा जोरात सुटली आणि तिनं जीभ चावली. दुसरी नीट आली. पट्टी ती न बघताच मागं सरकवायची. तो पेन्सिलीनं मागं जागा लिहायचा, खिळे ओढायचा, ओळीत ठेवायचा.

पूर्ण भिंत उघडी झाल्यावर तिनं टॉर्च लावला, जमिनीवर आडवी झाली आणि फटीतून उजेड सोडत पार टोकापर्यंत सरकत गेली. उस्तादचे हात थांबले. आपल्याला काय हवंय तेच त्याला कळेना. पाचर सापडावी असं वाटत होतं की सापडू नये असं.

ती उठून बसली. गालाला धूळ लागली होती.

"इथं काढल्यात."

'बघ, काढल्या होत्या ना मी,' हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. त्यानं ते गिळले.

"हं," तो म्हणाला.

तिनं कटरचं पान बदललं आणि समोरच्या भिंतीशी जाऊन गुडघे टेकले. उस्ताद उठला, बादली उचलली आणि तिच्या मागं नेऊन ठेवली, पट्टी हाताला येईल इतक्या अंतरावर.